दुपारी दोनची सावली

पुस्तक छापलेलं उत्तर गोलार्धात.
त्यात लिहिलंय: निवाऱ्याचं तोंड दक्षिणेला ठेवा.
मी पान उलटं धरलं.
हॉक्स बेमध्ये सूर्य उत्तरेच्या कलानं चालतो
आणि हिवाळी वारा दक्षिणेचं बर्फ चाटून येतो.

एकतीस वर्षं भूमापन कचेरीत
मी दुसऱ्यांच्या जमिनी शाईनं बांधल्या:
ओढे, कुंपणं, वहिवाटीच्या वाटा,
भांडलेल्या भावांमधली ठिपक्यांची रेघ.
ही अडीच एकर माझी.
कागदावर पोस्टाच्या तिकिटाएवढी.

एकरी पाच बसतात, म्हणतात जाणकार.
मी तीन आणणार.
एकटा अल्पाका झुरतो.
दोन ठेवले, तर एक गेल्यावर
उरतो तो पुन्हा एकटाच.
हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

चराईचे तीन तुकडे पाडले.
एकात तोंडं, दोघांना विश्रांती;
गवत बोटभर उरलं की पुढचं फाटक.
शेणाची जागा ते आपली आपण ठरवतात,
सगळे मिळून एकच, रांग लावून.
त्यासाठी नकाशात एक कोपरा कोरा सोडला,
वर लिहिलं: रहिवाशांच्या मर्जीप्रमाणे.

मातिऊ टापसेल कुंपण घालायला आला.
मी म्हटलं, न्गायो लावू या, भराभर वाढतो.
त्यानं एक पान तोडून माझ्या हातात दिलं,
"उन्हासमोर धरा, मिसेस ग्रॅडवेल.
ते टिपके चमकतायत ना? तेच विष."
चौऱ्याहत्तर वर्षं मी या झाडाखालून चालत होते.

मग पॉप्लरचे खांब रोवले, अकरा.
सात वर्षांनी सावली म्हणण्याजोगं काही पडेल.
मी सात मिळवून पाहिले
आणि पेन्सिल खाली ठेवली.

सावली हौसेची नाही इथं.
मार्चातल्या उबदार दमटपणात
राईगवताच्या बुडाशी बुरशी धरते;
ती पोटात गेली की ऊनच
अंगाला खायला उठतं.

म्हणून बावीस डिसेंबरला, सगळ्यात लांब दिवशी,
सकाळी सहापासून तासातासाला
निळ्या लोकरीच्या खुंट्या ठोकत फिरले.
टाकीची सावली, शेडची, जुन्या ट्रेलरची.
दुपारी दोनला शेडची सावली
टॉवेलएवढी उरली, तीही भिंतीला चिकटून.
मातिऊला सांगितलं,
पत्रा दीड मीटर पुढे काढ.
काढला.
कपडे वाळवायची गोल फिरती छत्री
मधल्या तुकड्यात येत होती.
तिची नोंद केली: अडथळा.

गुरुवारी ते आले:
टग, कुमारा आणि सिनेटर.
खाली उतरताना नाकातल्या नाकात हूं-हूं करत,
जणू पाहुण्यांच्या घरी स्वयंपाकाला उशीर होतोय.
शेडमध्ये डोकावले, तिघंही.
बाहेर आले, तिघंही.

शनिवारी तेहतीस अंश.
मी सवयीनं डबल चादर धुतली होती,
छत्रीच्या तारांवर आडवी पसरून टाकली होती.
दोन वाजता पाहते तर चादरीखाली
ठिबकून ओल्या झालेल्या गवतावर
पोटं टेकून तिघंही बसलेले,
मान ताठ, अर्धे डोळे मिटून.
माझ्या सगळ्या खुंट्या उन्हात.

घरात गेले, नकाशा काढला.
'अडथळा' खोडून काय लिहावं
ते बराच वेळ सुचेना.
एकतीस वर्षांत हलणाऱ्या वस्तूची
खूण कुणी शिकवली नव्हती.
शेवटी पेन्सिलीनंच एक चौकोन,
कडा जरा लहरत्या.

आता रोज अकराला चादर धुते.
अर्धी तर कोणी वापरतच नाही,
पण सावलीला पूर्ण लागते.

परवा मातिऊनं फाटकावरून विचारलं,
"रोज धुता? डबलची?"
म्हटलं, पॉप्लर वाढेपर्यंत.